रूलीकडे सारा येते

इसम नामे रूली हार्म वीरिंगा, स्त्री, राहणार नोर्डरव्हेन, कालव्याच्या उत्तरेस, दार हिरवे. वर्ण गोरा, वाऱ्याने तांबूस झालेला. बांधा मजबूत. व्यवसाय: सहकारी शेतीभांडारात गल्ल्यावर बसणे व गिऱ्हाइकांना खरेदीपासून परावृत्त करणे. वय: नोंद उपलब्ध नाही. दागिने: लग्नाची अंगठी एक, निघत नाही. कानांस भोके आहेत, वापरात नाहीत. ओळखीची खूण: काही नाही.

हे वर्णन कुठल्या दप्तरातलं नाही. गावात रूलीबद्दल चौकशी केली तर साधारण एवढंच हाती लागतं, म्हणून ते इथे नोंदवून ठेवलं.

व्यवसायाचा रकाना मात्र शब्दशः खरा आहे. भांडारात गमबूट, कुंपणाची तार, कोंबड्यांचं खाद्य असलं सगळं मिळतं, आणि त्यातलं काय घेऊ नये हे रूली सांगते. एकदा एक शेतकरी घुशी पळवणारं विजेचं यंत्र घेऊन गल्ल्याशी आला. रूलीने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "यान्टिनने गेल्या वर्षी नेलं होतं," ती म्हणाली. "आता तिच्याकडे घुशीही आहेत आणि यंत्रही आहे." तो शेतकरी दोरी घेऊन घरी गेला. अशा बाईला कामावरून काढून टाकलं पाहिजे, असं कुणालाही वाटेल. भांडाराच्या व्यवस्थापकाला मात्र पुरतं ठाऊक होतं, की रूली ज्या वस्तूबद्दल काही बोलत नाही ती वस्तू गाव डोळे मिटून घेतं. तिच्या गप्प बसण्यावर दुकान चालतं.

आमच्या गावात घरगुती विक्री-पार्ट्यांची साथ अधूनमधून येते. आधी प्लास्टिकचे डबे आले, मग वासाच्या मेणबत्त्या आल्या. मग साबणाशिवाय काहीही स्वच्छ करणारं एक फडकं आलं. ते दाखवणाऱ्या बाईला रूलीने अगदी आदराने विचारलं, "आणि फडकं कशानं धुवायचं?" बाईने उत्तर शोधायला पिशवी उघडली. ती अजून शोधतेय, असं गावात म्हणतात.

आणि मग दागिने आले. हे फेसबुकवरून आले. स्वतःची मालकीण व्हा, घरबसल्या चमका, मैत्रिणींना चमकवा. चमकणाऱ्या मैत्रिणीने पुढे आणखी मैत्रिणी चमकवायच्या, त्यांनी आणखी. "एवढ्या बायका आपल्या ड्रेन्थ प्रांतात आहेत तरी का?" एवढंच रूली म्हणाली होती. साथीच्या नेहमीच्या वाटेने हीही गेली असती. पण या वेळी ती रूलीच्या भाचीला झाली.

भाची म्हणजे रूलीच्या भावाची मुलगी. शाळेला बुधवारी अर्धा दिवस सुट्टी, आणि भाऊ-भावजय दोघं नोकरीला, म्हणून ती लहानपणापासून दर बुधवारी दुपारी आत्याकडे जेवायला. वाटाण्याचं दाट सूप, काळा पाव, आणि हार्मकाकाबरोबर पत्ते. रूली-हार्मला मूल नाही. त्यावर गावात कधी कुणी काही बोललं नाही, कारण त्यांच्याकडे बुधवार होता. पुढे मुलगी आसन शहरात शिकायला गेली, तिथेच राहिली, तरी बुधवारची बस तिने सोडली नाही.

तिचं नाव सारा. पण या नावाने गावात तिला कुणी ओळखत नाही, आणि याला कारण आहे. आमच्याकडे बाई पन्नाशीची झाली की तिला "सारा दिसली" म्हणतात. बायबलातली म्हातारपणी आई झालेली ती सारा. त्या दिवशी शेजारपाजारचे लोक त्या बाईच्या अंगणात माणसाएवढी बाहुली बसवतात, गळ्यात पाटी अडकवतात, आणि येणारेजाणारे हॉर्न वाजवतात. आमच्या छोट्या साराला प्रत्येक थोराड बाईच्या दारात गवताने भरलेली आपल्या नावाची बाई दिसायची. ती रडायची. म्हणून रूलीने तिचं नाव उंदरी ठेवलं, आणि गावाने ते उचललं.

तर गेल्या शरदात, भावाच्या वाढदिवशी, सगळे रीतीप्रमाणे गोल करून बसलेले असताना उंदरीने पर्समधून एक हार काढला आणि बघायला म्हणून फिरवला. हार गोल फिरत रूलीपर्यंत आला. रूलीने तो तळहातावर तोलला, आणि म्हणाली, "हा डबा मोडून केलाय, की याचा अजून डबा व्हायचाय?"

सगळा गोल हसला. वाईट झालं ते तेच. एकटी रूली बोलली असती तर उंदरीने तिला दोन शब्द सुनावले असते आणि पुढल्या बुधवारी सूप मागून घेतलं असतं. पण बाप हसला, आई हसली, हार्मकाका तर खुर्चीवरून घसरला. उंदरीने हार पर्समध्ये ठेवला, आणि पुढल्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढल्याही नाही.

हिवाळाभर रूली दर बुधवारी सूप करत राहिली. हार्म ते गुरुवारीही खायचा आणि शुक्रवारीही. "बाई गं," तो एकदा म्हणाला, "एकतर पोरीला फोन कर, नाहीतर छोटं पातेलं घे." रूलीने दोन्हींतलं एकही केलं नाही.

फेब्रुवारीत उंदरीचाच फोन आला.

"आत्या, मला पार्टीला एक घर हवंय. ओळखीतली सगळी घरं झाली. तूच उरलीस."

"ये."

"पण तू काही बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

"चेहऱ्यानेही नाही."

"चेहरा माझ्या हातात नाही," रूली म्हणाली. "पण प्रयत्न करीन."

पार्टी मार्चातल्या शनिवारी ठरली. त्याच आठवड्यात रूलीचा वाढदिवस. केक तसाही असतोच, असा उंदरीचा हिशोब. कंपनीने दिलेला जाहिरातीचा तयार साचा होता, त्यात दोन रिकाम्या जागा. उंदरीने बसमध्ये बसल्या बसल्या त्या भरल्या आणि गावाच्या फेसबुक गटावर टाकलं. एरवी तिथे हरवलेली मांजरं आणि ट्रॅक्टरच्या तक्रारी असतात. त्या दिवशी चमचमत्या अक्षरांत आलं:

"या शनिवारी दुपारी सारा येतेय रूलीकडे! तुम्ही तयार आहात ना?"

गाव तयारच होतं. गाव कित्येक वर्षं तयार होतं.

याला पार्श्वभूमी अशी. आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं. त्यात तारीख असते, साल नसतं. रूली लग्न होऊन कालव्यापलीकडच्या गावातून आलेली, त्यामुळे तिची तारीख सगळ्यांना पाठ, साल कुणालाच नाही. "गवत भरलेल्या बाईला माझं नाव नकोय," असं ती एकदा बोलून गेली होती, आणि आपली पन्नाशी तिने कधीच गुपचूप उरकून टाकली होती. हे फक्त हार्मला माहीत. हार्मला गुपित सांगणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं. फरक इतकाच, की दगडाचा आवाज तरी येतो.

यान्टिन ही रूलीची शेजारीण, घुशींची आणि यंत्राची मालकीण, गावातली बाहुल्यांची प्रमुख. तिच्या गोठ्यात बाहुलीचा सांगाडा कायमचा उभा असतो. दर वेळी कपडे आणि डोकं बदलायचं. तिने फेसबुक वाचलं आणि नवऱ्याला हाक मारली: "सांगाडा काढ. रूलीने स्वतःच जाहीर केलंय!"

शनिवारी सकाळी हार्म पेपर आणायला बाहेर गेला आणि तसाच आत आला.

"अंगणात एक बाई बसलीय."

"कोण?"

"तू."

रूली पुढच्या खिडकीशी गेली. खिडकीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून, भांडाराचा हिरवा एप्रन आणि गमबूट घातलेली एक ऐसपैस बाई बसली होती. गळ्यात पाटी: "रूलीला सारा दिसली."

"यान्टिनचा हिशोब चुकलाय," रूली म्हणाली.

"सांगून टाक मग."

"काय सांगू? तू तीन वर्षं उशीर केलास म्हणून? आजचा दिवस जाऊ दे. पोरीचा दिवस आहे." आणि बाहुलीची पाठ दिसू नये म्हणून तिने पडदा ओढला. आमच्या गावात दिवसाढवळ्या पुढचा पडदा ओढणं म्हणजे घरात प्रेत असल्याची खूण. फेसबुकच्या त्या ओळीतली भानगड रूलीच्या लक्षात यायला हवी होती. पण ती फेसबुक पाहत नाही. कारण विचारलं तर म्हणते, "माझ्या मांजराला घरचा रस्ता माहीत आहे."

उंदरी बसने आली, चाकांची बॅग ओढत, मागच्या दाराने. ओळखीचं माणूस आमच्याकडे मागच्याच दाराने येतं, त्यामुळे अंगण तिला दिसलं नाही. आत्या-भाचीने रीतीप्रमाणे तीनदा एकमेकींच्या गालाला गाल लावले, तिसऱ्या वेळी जरा चुकलं, आणि दोघी घाईने टेबल सरकवायला लागल्या. मखमली तबकं मांडली. फोन स्टँडवर लावला, कारण पार्टी थेट दाखवायची होती. दक्षिणेकडे कुठेतरी बसलेली शांताल नावाची उंदरीची मार्गदर्शक ती पाहणार होती.

"पडदा का ओढलाय?" उंदरीने विचारलं.

"फोनवर उजेड येतो," रूली म्हणाली. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग लोक यायला लागले. आम्हीही गेलो. पार्टीला इतकी माणसं उंदरीने याआधी पाहिली नव्हती, आणि पुरुष तर एकही नाही. इथे नवरे होते, हातात कुंड्या होत्या, आंघोळीच्या सुगंधी मिठाच्या बाटल्या होत्या. प्रत्येकाने रीतीप्रमाणे गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन केलं. यजमानिणीचं, तिच्या नवऱ्याचं, शेजाऱ्यांचं, एकमेकांचं.

"उंदरी! अभिनंदन गं!" यान्टिनने तिला मिठी मारली.

"थँक यू," उंदरी लाजून म्हणाली. "तशी अजून सुरुवातच आहे."

"सुरुवात कसली, अर्धं आयुष्य झालं की!"

उंदरीला हे जरा जास्त वाटलं, पण तिने नीट बोलायचं ठरवलं होतं.

कॉफी फिरली. प्रत्येकाला केकचा एक तुकडा, आणि डब्याचं झाकण बंद. आलेल्यांनी आपापल्या भेटी दुसरीकडे जागा नसल्याने मखमली तबकांशेजारी ठेवल्या. आल्चेआजी गोलातली सगळ्यात वयस्क. ती काठी टेकत टेबलाशी गेली आणि एक हार उचलून निरखू लागली.

"छान आहे गं रूली. कुणी दिला?"

रूलीने चेहरा सांभाळला. "उंदरीने आणलाय, आजी."

"आणि हा?"

"तोही उंदरीनेच."

"आणि हे सगळं? अगं, पोरगी आहे की सावकार?"

"आत्यावर जीवच आहे तिचा," यान्टिन म्हणाली, आणि गोलातून एक हुंकार फिरला. भाचीने आत्याला तबकंच्या तबकं भरून दागिने दिले, आपण मीठ आणलं, अशी एक नाराजी त्यात होती.

उंदरीने फोन सुरू केला, मध्ये उभी राहिली, आणि पाठ केलेलं बोलायला लागली. "मैत्रिणींनो! तुम्हाला कधी वाटतं का, की मला आयुष्यात अजून थोडं मिळायला हवं?"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. आमच्याकडे असले प्रश्न चारचौघांत कुणी विचारत नाही.

"मला अजून एक कॉफी चालेल," आल्चेआजी म्हणाली.

"भाषण सुरेख करतेय," यान्टिन हार्मच्या कानात म्हणाली. "आत्यासाठी काही लिहिलंय का तिने?"

हार्मने छताकडे पाहिलं.

"स्वतःला आरशात बघा," उंदरी पुढे म्हणाली, "आणि विचारा, माझी चमक कुठे गेली?"

"पन्नाशीत हे व्हायचंच!" यान्टिनचा नवरा ओरडला, आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्याला वाटलं, आता वेळ झाली. तो आणि आणखी एक जण बाहेर गेले आणि बाहुली उचलून आत घेऊन आले. तिला बसवायला खुर्ची कमी पडत होती, म्हणून उंदरीची दिली. एप्रनमधली ती ऐसपैस बाई तबकांसमोर बसली, पाटी सरळ केली गेली, आणि सगळा गाव उभा राहून दोन्ही हात वर करकरून, खच्चून, दीर्घायुष्याचं गाणं म्हणायला लागला. शेवटी तीनदा जयजयकार.

हे सगळं थेट जात होतं. फोनच्या पडद्यावर बदामांचा पूर आला. शांतालने लिहिलं: "काय ऊर्जा आहे!!! असली पार्टी मी जन्मात पाहिली नाही!!!"

उंदरीने पाटी वाचली. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

रूली मागोमाग गेली. उंदरी सिंकपाशी उभी होती, पाठमोरी.

"मुद्दाम केलंस ना?"

"काय?"

"आत्या, पुरे. तुला हे पटत नाही, ठीक आहे. नाही म्हणायचंस. माझ्या पार्टीवर तुझी पन्नाशी कशाला लादलीस? म्हणून पडदा ओढलास होय! आणि मी बावळट, सगळ्यांना थँक यू थँक यू करत बसले."

"बाहुली मी नाही बसवली."

"पण मला सांगितलं नाहीस. मागच्या वेळी एका वाक्यात हसवलंस. या वेळी सगळा गाव कामाला लावलास."

"मी पन्नाशीची झालेली नाही," रूली म्हणाली.

"बाहेर बाहुली आहे!"

"बाहुलीला काय कळतंय. मी त्रेपन्नची आहे."

उंदरी वळली. रूली खोटं बोलत नाही, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं. गप्प बसते, पण खोटं बोलत नाही.

"त्रेपन्न?"

"बुधवारी झाले. सूप केलं होतं."

बाहेर गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं होतं, कारण यान्टिनच्या नवऱ्याला दुसरं कडवं आठवलं.

"मग त्यांना का वाटलं..." उंदरी म्हणाली, आणि फोनमधली आपली जाहिरात तिच्याच डोळ्यांसमोर उभी राहिली. सारा येतेय रूलीकडे. तिने कपाळावर हात मारून घेतला. "आत्या. मी लिहिलं. मीच लिहिलं."

"उगाच आम्ही तुला उंदरी म्हणत नव्हतो," रूली म्हणाली. "चल."

ती बाहेर गेली आणि गोलाच्या मधोमध, फोनच्या समोर उभी राहिली. भांडारात एखादी वस्तू परत ठेवायला सांगताना ती जशी उभी राहते, तशी.

"बसा सगळे. माझी पन्नाशी नाही. ती झाली तीन वर्षांपूर्वी, तुम्हाला न सांगता. मी त्रेपन्नची आहे. ही माझी भाची, हिचं नाव सारा, खरंच सारा. जाहिरात तिची होती. टेबलावरचे दागिने मला कुणी दिलेले नाहीत, ते विकायचे आहेत. भेटी आपापल्या घरी घेऊन जायला हरकत नाही."

गोलात खुर्च्या करकरल्या. भेटी परत नेणं शक्य नव्हतं. त्याची रीत नाही.

"त्रेपन्न!" यान्टिन किंचाळली. दागिन्यांचं तिला सोयरसुतक नव्हतं. "म्हणजे मी सांगाडा तीन वर्षं नुसता पुसत बसले?"

"मला तू पंचावन्नची वाटायचीस," आल्चेआजी म्हणाली. मग तिने मघाचा हार पुन्हा उचलला, नाकाशी धरला, आणि गावात प्रत्येक खरेदीआधी विचारतात तो प्रश्न विचारला. "रूली, घेऊ का गं?"

सगळा गोल रूलीकडे वळला. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, की रूली आता नुसती गप्प बसली तर आल्चेआजी हार घेईल, मग यान्टिन बांगडी घेईल, आणि टेबल रिकामं होईल. हे उंदरीलाही माहीत होतं. आणि बोलली, तर बुधवार गेला, हे रूलीला माहीत होतं. चेहरा तिच्या हातात नव्हता. तो इकडून तिकडे होत राहिला. उंदरी खाली बघत होती.

"नको घेऊस, आजी," रूली शेवटी म्हणाली. "तू नको. मी घेते."

तिने तबकातून हिरव्या खड्यांची पितळी कानातली उचलली, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, फोनसमोर, कानात घालायला लागली. भोकं बुजत आली होती. डावं गेलं, उजवं जाईना. हार्मने उठून टॉर्च धरला.

"आत्या, राहू दे," उंदरी म्हणाली.

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात?"

"अगं, दुखतंय तुला."

"दुखतंयच. हे असं का टोचतं? याला काय म्हणतात तुमच्या कंपनीत, चमक?"

उंदरी हसली. आधी नाकातून, मग तोंडाने, मग बाहुलीच्या खांद्यावर डोकं टेकून. तिने पुढे होऊन आत्याचा कान धरला आणि दुसरं कानातलं बसवलं. "आणि एवढा वेळ गप्प बसलीस," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं, जमेल म्हणून."

त्या दिवशी दुसरं काहीच खपलं नाही. एकदा मिठाची बाटली दिली की नोर्डरव्हेनमध्ये माणूस पुन्हा खिशात हात घालत नाही.

शांतालने मात्र ती पार्टी आपल्या सगळ्या विक्रेत्या बायकांना पाठवली, आदर्श म्हणून. ऐकिवात असं आहे, की दक्षिणेकडच्या काही घरांत आता दागिने दाखवण्याआधी सगळे उभे राहून हात वर करतात आणि गाणं म्हणतात, आणि एखाद्या खुर्चीवर मोठी बाहुली बसवलेली असते. ती कशासाठी, हे कुणी विचारत नाही. खप वाढल्याचं कळलेलं नाही.

उंदरीने उन्हाळ्यात दागिने सोडले. ती आसनमध्ये एका चष्म्याच्या दुकानात आहे, आणि लोकांना कुठली फ्रेम घेऊ नये हे सांगते. यान्टिनने सांगाडा पुन्हा गोठ्यात उभा केला. आता ती रूलीच्या साठीची वाट बघतेय, आणि या वेळी सालासकट तारीख तिच्या संडासात लिहिलेली आहे.

बुधवारच्या बसने उंदरी येते. सूप असतं, काळा पाव असतो, हार्मकाका पत्त्यांत हरतो. रूली त्या दिवशी हिरव्या खड्यांची कानातली घालते आणि गुरुवारी सकाळी काढून ठेवते. त्यांच्याबद्दल ती चांगलं बोलत नाही आणि वाईटही बोलत नाही. भांडारात कुणी विचारलंच, तर तराजूकडे बघते.

गुरुवारी तिचे कान हिरवे असतात.